गाळणीत न दिसलेला खडा

चहाच्या गाळणीसारखी एक गाळणी मी बोहारणीकडून नाही, दुकानातून मुद्दाम विकत आणली आणि चहाच्या गाळणीत मिसळू नये म्हणून तिच्या दांड्याला लाल दोरा बांधला. नवऱ्याच्या उजव्या मूत्रनळीत सहा मिलिमीटरचा खडा अडकला होता. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची घाई नको, गोळ्यांनी पडेल. रोज रात्री एक गोळी, भरपूर पाणी, लघवी गाळणीतून करायची. आणि खडा मिळो न मिळो, चार आठवड्यांनी सोनोग्राफी.

मी हे सगळं कागदावर उतरवलं आणि फ्रिजवर लावलं. मला यादी केल्याशिवाय काम सुचत नाही.

नवरा होटगीला रेल्वेत. घरी आला की गाळणी घेऊन बाथरूममध्ये जायचा आणि मी बाहेरून विचारायची, "अहो, दिसला का?"

"अगं, मासे धरतोय का मी हितं?"

चहाचा कप हातात दिला की आधी विचारायचा, "कुठल्या गाळणीतला?" जुळे सोलापुरातल्या त्या दोन खोल्यांत आम्ही तेव्हा हसत होतो.

अकराव्या दिवशी कळ थांबली. तेराव्या दिवशी सकाळी डबा भरता भरता मी विचारलं तर म्हणाला, "पडला की."

"बघितलात?"

"व्हय. एवढासा होता. गेला वाहून."

मी पेन घेतलं आणि 'खडा' या शब्दापुढे बरोबरची खूण केली. मग त्याखालची ओळ, सोनोग्राफीची, खोडून टाकली. काम झालं होतं. फोन करून वेळही रद्द केली. कागद काढला, त्या जागी किराण्याची यादी लावली.

आठ-नऊ महिन्यांनी नोकरीतल्या नेहमीच्या तपासणीत उजवं मूत्रपिंड सुजलेलं निघालं. खडा तिथंच होता. डॉक्टर जुना रिपोर्ट शेजारी ठेवून म्हणाले, "दुखायचं थांबतं कधी कधी. म्हणजे पडला असं नाही. तुम्ही सोनोग्राफीला का आला नाहीत?" नवरा माझ्याकडे बघत नव्हता. मी म्हणाले, "राहून गेलं." राहून गेलं नव्हतं. मी खोडलं होतं.

शेवटी ऑपरेशन करून खडा काढावाच लागला. मूत्रपिंड मात्र सुधारलं नाही. आता ते नावापुरतं आहे. सगळा भार डाव्यावर.

घरी आल्यावर मी एकदाच विचारलं, "तुम्ही बघितला नव्हता ना?"

त्यानं मोजे काढले. मग म्हणाला, "दुखत नव्हतं. वाटलं, पडलाच असंल. आणि तू रोज विचारत होतीस. लई कंटाळलो होतो. म्हटलं, होऊ दे एकदाची तुझी खूण."

मी उठून फ्रिजवरची किराण्याची यादी काढली.

फ्रिजवर नवा कागद आहे. पाणी, मीठ कमी, दुखण्याची गोळी मनानं घ्यायची नाही, दर तीन महिन्यांनी रक्त. संध्याकाळी मी विचारते, "अहो, पाणी झालं?"

"व्हय."

पेन हातात असतं, पण मी खूण करत नाही. उठून डब्याच्या पिशवीतली बाटली काढते. बाटली रिकामी असते. ती त्यानं प्यायली की माझ्यासाठी ओतून टाकली, हे बाटलीकडे बघून कळत नाही.