ऑपरेटर होते

बाबांना आसेगावहून एसटीनं कारंज्याला आणताना मी तीनदा त्यांची टोपी सरळ केली. कॉलेजात सिनेमाच्या सुरुवातीच्या काळावर कार्यक्रम होता आणि मुख्य भाषण माझं. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. हे मी कुठंही सांगते. पण त्या दिवशी भाषणापेक्षा मला बाबांचा सत्कार हवा होता. फिरत्या तंबूतल्या सिनेमाची मशीन चालवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. स्टेजवर मात्र त्यांना कोणी कधी बोलावलं नव्हतं.

हॉलमध्ये शिरलो तर टेबलावर सिनेमाच्या जुन्या मंडळींचे फोटो, आणि शेवटी बाबांचा. त्यालाही झेंडूचा हार, पुढं उदबत्ती.

बाबा बघतच राहिले. "मले कवा मारलं वं?"

मी आयोजक सरांना गाठलं. त्यांनी मोबाइल पुढं केला. फोटोखाली माझाच मेसेज: 'वडील टुरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर होते.'

"मॅडम, तुमीच तं 'होते' लिहिलं."

तंबू गेला, मशीन गेली, म्हणून लिहिलं. आणि मराठीत एम. ए. केलेली बाई मी.

तेवढ्यात माइकवरून दिवंगतांसाठी उभं राहायला सांगितलं. सगळे उठले. बाबाही उठले. मी त्यांची बाही ओढली, तर हळूच म्हणाले, "राहू दे. बाकीचे तं खरेच गेले ना."

मला ते मौन सोसेना. संपल्या संपल्या मी माइक घेतला. "शेवटच्या फोटोतले माझे वडील आहेत. तिसऱ्या रांगेत उभे आहेत. चूक माझी."

हॉल हसला. बाबा वर आले, शाल घेतली, नारळ घेतला आणि खाली उतरेचनात. मशीनमध्ये बल्ब नसे, म्हणाले, उजेडासाठी कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर जळत. फळ्याजवळचे दोन खडू घेऊन ते अंतर दाखवू लागले. "लय जवळ आनल्या तं चिपकतात. दूर गेल्या तं पडद्यावर अंधार, मंग पब्लिक मायबाप काढते."

पोरं खुर्च्या सोडून पुढं आली. एकीनं विचारलं, "आजोबा, हात भाजत नव्हता?"

बाबांनी उजवा पंजा तिच्यापुढं धरला.

आयोजक मला घड्याळ दाखवत होते. मी मान हलवली, राहू द्या. माझ्या भाषणातही बाबांवर एक परिच्छेद होता. मी पेन काढलं आणि उभ्या उभ्याच त्यातली क्रियापदं तपासू लागले.