जहाजाचा श्वास

त्याला सगळे कात्री म्हणायचे. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. त्याचं काम आवाज कापायचं. कोणी खोकलं, खुर्ची करकरली, कागद फडफडला, की हा ते उचलून फेकून द्यायचा आणि मागचंपुढचं असं सांधायचा की तिथे काही होतं अशी शंकासुद्धा येऊ नये.

टीव्हीवर अंतराळातल्या एका जहाजाची मालिका लागायची, लोकांनी ती अगदी डोक्यावर घेतली होती. ती बंद पडल्यावर चाहत्यांनी असा काही पिच्छा पुरवला, की एका छोट्या कंपनीने जहाजाच्या पुढच्या गोष्टी नुसत्या ऐकायच्या नाटकांत काढायला घेतल्या. चित्र नाही, फक्त आवाज. आणि दर नाटकासोबत एक पुस्तक. नाटकात न मावलेलं सगळं त्यात यायचं: जहाजाचे नकाशे, नटांच्या मुलाखती, कुठला आवाज कशातून काढला ते. जहाजाचं दार म्हणजे सायकलचा पंप आणि कपाटाचा एक अडकणारा खण, हे वाचून चाहते कोण खूश व्हायचे.

आणि जहाजाचा आवाज म्हणजे कात्रीची बायको. मालिकेत ती कधी दिसली नाही, जहाज नुसतं बोलायचं. भाजीवाल्याकडे तिने भाव विचारला की शेजारचं गिऱ्हाईक चमकून वळायचं. कात्री घरात तिला जहाजबाई म्हणायचा.

"जहाजबाई, चहा मिळेल का?"

"इंधन संपलंय. स्वतः उठा," ती जहाजाच्याच आवाजात सांगायची. मग चहा तीच करायची, हा भाग वेगळा.

आता जहाज म्हणजे यंत्र. यंत्र श्वास कसा घेईल? म्हणून कात्रीने पहिल्या नाटकापासून एक शिस्त लावून घेतली: जहाजाचा एकूण एक श्वास कापायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण श्वास कापला की तिथे भोक पडतं, आणि कानाला ते भोक लगेच कळतं. कारण खोली रिकामी असली तरी मुकी नसते, तिची स्वतःची एक बारीक गुणगुण असते. ती गुणगुण भरून भोक बुजवायचं. त्यासाठी दरवेळी काम सुरू होण्याआधी शांतता घ्यायची, म्हणजे सगळ्यांनी गप्प बसायचं आणि खोलीचं गप्प असणं तेवढं टिपायचं. जहाजाचं काम एका वेगळ्या, कपाटाएवढ्या खोलीत व्हायचं, आणि तिथे ती एकटीच असायची. काचेपलीकडून कात्री म्हणायचा, "शांतता घेतोय. जरा श्वास दाबून धर."

"अहो, जहाज मी नंतर होणार आहे. आत्ता माणूस आहे," ती म्हणायची आणि मग निमूट बसायची.

कंपनीच्या मालकीणबाईंनी एका पुस्तकात त्याच्यावर अख्खं प्रकरण छापलं. वर शीर्षक: 'जहाज श्वास घेत नाही.' खाली कानाला हेडफोन लावलेला कात्रीचा फोटो. ते पुस्तक त्याने दिवाणखान्यात असं ठेवलं होतं की आलेल्या माणसाने विचारल्याशिवाय राहू नये. साधा माणूस होता हो, पण आपल्या कामाचा गर्व कोणाला नसतो?

पुढे पुढे तिचे श्वास वाढले. वाक्य अर्ध्यावर आलं की थांबायची, श्वास घेऊन उरलेलं बोलायची.

"जहाजबाई, तुमचे श्वास कापून कापून बोटं दुखायला लागली माझी," तो म्हणायचा.

"वय झालं जहाजाचं," ती हसून म्हणायची.

आणि तो कापायचा. कापून पुन्हा लावायचा, ऐकायचा, तर आवाज कसा अगदी सलग, खणखणीत. दिवसभर हाच आवाज कानात. नवऱ्याच्या कानात ती ठणठणीत होती.

जिन्यात चक्कर येऊन पडली तेव्हा दवाखान्यात नेली. हृदय पार थकलं होतं. "दम तर बऱ्याच काळापासून लागत असणार. घरात कोणाच्या लक्षात नाही आलं?" डॉक्टरांनी विचारलं. कात्रीने नाही म्हणून मान हलवली, आणि ती अगदी मनापासून हलवली. थोड्याच दिवसांत ती गेली. भेटायला आलेला एक चाहता पुस्तक छातीशी धरून म्हणाला, "काका, जहाज कधी मरत नाही." पोरगं भाबडं होतं, पण कात्रीला ते ऐकवलं नाही. तो आत निघून गेला.

लेक तेव्हा माहेरी येऊन राहिली होती. कात्रीने तिला समजवायला म्हणून आईचं एक जुनं नाटक लावलं, तर तिने उठून बंद केलं.

"बाबा, हा आवाज नकोय मला. हा दुकानात मिळतो. लहानपणी मी आईच्या कुशीत शिरून झोपायचे ना, तेव्हा तिचा श्वास ऐकू यायचा. तो हवाय मला. तुमच्याकडे सगळे आवाज असतात. तो असेल ना?"

"असेल की. काढून देतो," तो बोलून गेला. आणि बोलल्याबरोबर त्याला आठवलं, तो कुठेच उरलेला नाही.

कारण कापलेलं पुसून टाकायचं, हाही त्याचाच नियम होता. जागा अडते म्हणून मूळ ध्वनिमुद्रणंही त्याने वेळच्या वेळी पुसली होती. फोनवर घेतलेले व्हिडिओ होते, पण त्यात पोरांचा गोंगाट नाहीतर गाड्यांचे भोंगे. बाईने आयुष्यभर ज्याच्यासमोर बसून श्वास घेतला, त्याच्याजवळ तिचा एक श्वास नव्हता. लेकीला काय तोंड दाखवायचं, या विचाराने त्याचं जेवण तुटलं.

अशात मालकीणबाईंचा निरोप आला. शेवटचं नाटक राहिलं होतं. त्यात जहाज विझतं आणि विझताना कॅप्टनचा निरोप घेतं. जुन्या नाटकांतले तिचे शब्द उचलून तो निरोप जुळवता येईल का, असं त्या चाचरत विचारत होत्या. जिवावर आलं होतं, पण कात्री कंपनीत गेला. दुपारी कोणी नसताना बसला. एकेक शब्द शोधून शेजारी शेजारी मांडला. मधली भोकं बुजवायला जुनी शांतता काढली. शांतता मात्र त्याने कधी पुसली नव्हती, केव्हाही लागते म्हणून सगळी ठेवली होती.

शब्द वेगवेगळ्या वर्षांतले, गुणगुण जुळेना, म्हणून त्याने शांततेचा आवाज कधी नव्हे इतका वाढवला. शांततेत कोणीतरी होतं.

ती होती. दाबून धरायला सांगितलेला श्वास तिला पुरा धरता यायचा नाही, हळूच सोडायची, हळूच घ्यायची. कात्री टेबलावर डोकं ठेवून रडला. इतकी वर्षं तिचा श्वास कापून त्या भोकांत तो तिचाच श्वास भरत आला होता, आणि एवढ्या तयार कानांना पत्ता नव्हता.

मग आधाशासारखं त्याने पहिल्यापासून ऐकायला घेतलं. पहिल्या शांततांत श्वास संथ होता. पुढे आखूड झाला. त्याच्याही पुढे श्वासामागे एक बारीक शिट्टी यायला लागली, आणि शेवटी शेवटी तर एक श्वास संपायच्या आत दुसऱ्याची घाई. डॉक्टरांनी विचारलेलं सगळं तिथे होतं, कोणालाही कळेल असं. वेळ हातात होता तेव्हापासून होतं.

निरोप त्याने जुळवला. जहाजाचा शेवटचा शब्द झाल्यावर पहिली शांतता लावली, श्वास ऐकू येईल एवढी वाढवून.

मालकीणबाईंनी ऐकून फोन केला. "शेवटी श्वास राहिलाय हो. आपण तर पुस्तकात छापलंय..."

"पुस्तक चुकलंय," कात्री म्हणाला.

मग त्याने लेकीला तिथेच बोलावून घेतलं. खुर्चीत बसवून तिच्या कानाला हेडफोन लावले आणि "ही अगदी पहिल्या नाटकाची," म्हणत तीच शांतता ऐकवली. तिने डोळे मिटले. गालांवरून पाणी वाहत होतं, पण चेहरा लहानपणी झोपेत असायचा तसा सैल झाला होता. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "शेवटची पण आहे का?"

नाही म्हणता आलं असतं. पुसली गेली म्हटलं असतं तरी तिने मानलं असतं. कात्रीने शेवटची लावली.

ऐकता ऐकता तिने डोळे उघडले. "बाबा, हिला दम लागतोय."

"हो."

"काचेच्या पलीकडे तर बसायचात तुम्ही. कधी ऐकू नाही आलं?"

"रोज यायचं," कात्री म्हणाला. "मी कापत होतो."

लेकीने समोरच्या काचेकडे बघितलं. मग हेडफोन पुन्हा नीट करत म्हणाली, "पहिली लावा."

त्याने पहिली लावली.