चतुर, गाणी आणि स्टोव्ह

माझ्या वेबसाइटवर तीन गोष्टी आहेत आणि त्यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. हर्सूलच्या तलावाकाठी मी काढलेले चतुरांचे फोटो, गंगापूरजवळच्या खेड्यात राहणाऱ्या माझ्या मावशीची गाणी, आणि माझ्या नवऱ्याचे पितळी स्टोव्ह. चतुर म्हणजे पाण्यावर घिरट्या घालणारा, काचेसारख्या पंखांचा तो किडा. लहानपणी आम्ही त्याला हेलिकॉप्टर म्हणायचो. गाणी म्हणजे जयंती जवळ आली की आमच्या वस्तीतल्या बायका विहारासमोर बसून म्हणायच्या ती. कुठल्या पुस्तकात सापडायची नाहीत. काही माझ्या आजीनं रचली, काही मावशीनं. आणि स्टोव्हचं म्हणाल तर नवऱ्याला ते दुरुस्त करायचा नाद आहे. वायसर कसा बदलायचा, पिन कशी मारायची, हे तो फोटो काढून लिहितो आणि मी साइटवर टाकते. पहिल्या पानावर तीन चौकोन होते. ज्याला जे पाहिजे त्यानं ते उघडावं. माझी साइट, माझं घर.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी शहरातल्या एका निसर्गमंडळानं मला बोलावलं. माझी मैत्रीण त्या मंडळात होती. ती शाळेत शिकवते. बरीच वर्षं आम्ही दोघी रविवारी सकाळी तलावावर जायचो, ती पक्षी बघायची, मी चतुर. मंडळ तलावाच्या जीवसृष्टीचं प्रदर्शन भरवणार होतं. चतुरांचा सगळा भाग माझ्या फोटोंचा, आणि खाली माझ्या साइटचा पत्ता. मंडळाचे प्रमुख निवृत्त प्राध्यापक होते. सगळे त्यांना सर म्हणत. सरांनी माझं तोंडभरून कौतुक केलं आणि मग चहा ओतता ओतता म्हणाले, साइटवर जरा खिचडी झालीय. लोक चतुर शोधत येतात आणि भलतंच काही समोर येतं. इतर विषय काढले तर बरं.

मला ते पटलं, खोटं कशाला सांगू. नीटनेटकं असावं असं कुणालाही वाटतं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला माझे स्टोव्ह आधी काढ, कोण बघतंय ते. त्यानं महिनोन्महिने खपून केलेली पानं मी त्याच्या देखत काढली. तो हसत होता, पण नंतर बराच वेळ अंगणात काही न करता बसून राहिला. गाण्यांना मात्र माझा हात लागेना. दुसऱ्या दिवशी सरांना फोन करून कळवलं की स्टोव्ह काढलेत, गाण्यांचं बघते.

सर म्हणाले, "अहो, स्टोव्ह कशाला काढले? स्टोव्ह राहू द्या. जुन्या वस्तू लोकांना आवडतात. ती गाणी तेवढी काढा."

मी विचारलं, गाण्यांनी काय होतं? त्यांनी आवाज हळू केला. मंडळात सगळ्या प्रकारचे लोक आहेत, उगाच वाद नकोत, माझ्याच भल्याचं सांगताहेत, असं म्हणाले.

म्हणजे खिचडी हे कारण नव्हतंच. किड्यांशेजारी रॉकेलचा स्टोव्ह चालत होता. आमच्या बायकांचा आवाज चालत नव्हता. आणि तरीही फोनवर मी "बरं" म्हणून गेले. त्या "बरं"चा राग मला अजून येतो.

सर खिचडी म्हणाले तेव्हा मैत्रीणही तिथं बसलेली होती, म्हणून तिच्याकडं गेले. तिला वाटलं मी बाऊ करतेय. ती म्हणाली, "गाण्यांची वेगळी साइट कर ना. तुझी तुझ्याकडं राहतील, कुणाला त्रास नाही."

वेगळं ठेवा. हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मावशीच्या लहानपणी त्यांचं पाणी वेगळं होतं, वस्ती वेगळी होती, कुणाला त्रास नको म्हणूनच. आणि हे मला ती सांगत होती, जिनं माझ्या डब्यातली भाकरी तलावाच्या बांधावर बसून खाल्ली होती. मी तिला एवढंच म्हटलं की तू तिथं एक शब्द बोलली नाहीस. ती म्हणाली, बोलून काय झालं असतं. मी चपला घातल्या आणि निघाले.

रविवारी तलावावर न जाता मावशीकडं गेले. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं तिला वाईट वाटेल. ती शेंगा फोडत होती, फोडतच राहिली. मग म्हणाली, "त्यानं एक तरी गाणं ऐकलं का?"

"नाय माहीत."

"मंग इचार त्याला."

मी तिच्या ओट्यावरूनच सरांना फोन लावला आणि विचारलं. ते म्हणाले, "ऐकायची गरज काय मॅडम? विषय कळला ना." मी म्हटलं, मग माझे चतुरही तुम्ही बघू नका. फोटो मी देत नाही. ते समजावत होते, मी फोन ठेवला. तो काय म्हणाला ते मावशीनं विचारलं. मी सांगितलं. तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. हातातलं काम तिनं असं अर्धवट टाकलेलं मी पाहिलं नव्हतं. माझा राग त्या घटकेला पक्का झाला.

घरी आल्यावर आधी स्टोव्ह परत चढवले. मग ते तीन चौकोन मोडून टाकले. आता पहिल्या पानावर सगळं एकाखाली एक आहे, जे जसं माझ्याकडं आलं त्या क्रमानं. एक चतुर, एक गाणं, एक बर्नर, परत गाणं. ज्याला चतुर बघायचा आहे त्याला मावशीवरून जावं लागतं. नवरा म्हणाला, लोकांना सापडायचं नाही काही. मी म्हटलं, शोधू दे.

लोक कमी झाले हे खरं. सगळं वेगवेगळं करा, अशी सभ्य पत्रंही येतात. मी उत्तर देत नाही. प्रदर्शन दुसऱ्यांचे फोटो घेऊन पार पडलं आणि मैत्रीण तिथं स्वागताला उभी होती, असं कळलं. नवीन पाच गाणी मावशीनं मला म्हणून दिली. त्यातलं एक तिनं या प्रकारावरच रचलंय. सरांना त्यात असं काही धुतलंय की मी ते टाकताना मोठ्यांदा हसले, आणि हसून झाल्यावरही राग होता तिथंच होता.

परवा तलावावर मैत्रीण भेटली. बांधावर आमच्या दोघींच्या मधल्या गवतावर एक लाल चतुर बसला होता. तिनं हळूच विचारलं, याचं नाव काय गं? मी म्हटलं, साइटवर आहे. गाण्यांच्या मधे.