एक बोका, एक सून आणि माझा स्वच्छ फिल्टर

आमच्या घरातली हवा शुद्ध ठेवायची जबाबदारी माझ्याकडे होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे जे झालं त्याचं कुणाला आश्चर्य वाटणार नाही.

बांगडा हा आमचा बोका. अंगावर बांगड्यासारखे काळे पट्टे, म्हणून हे नाव. (माशाचं नाव दिलं म्हणून त्याला कधी राग आला नाही. माणसाचं दिलं असतं तर नक्की आला असता.) मी निवृत्त झालो त्याच महिन्यात तो गडग्यावरून उडी मारून अंगणात आला, तिथून पडवीत आला आणि थेट माझ्या पोटावर येऊन झोपला. तेव्हापासून दुपारी जेवण झालं की मी आडवा आणि तो माझ्यावर, हा आमचा शिरस्ता. या घरात माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा तो एकटाच. खोटं कशाला बोलू, माझा फार जीव आहे त्याच्यावर.

मग मंदारचं, म्हणजे आमच्या मुलाचं लग्न झालं आणि ऋतुजा घरात आली. पोरगी कोल्हापूरची, बोलायला मोकळी, कामाला वाघीण. तिचं ऑफिस घरातूनच चालायचं, त्यामुळे घरातली एकुलती एक एसीची खोली तिला दिली. आठवडाभरात त्या खोलीतून शिंका ऐकू येऊ लागल्या. पहिल्या दिवशी सहा. दुसऱ्या दिवशी अकरा. आकडे माझे नाहीत, हिचे. आमची ही स्वयंपाकघरात भाकऱ्या थापता थापता मोठ्याने मोजायची.

डॉक्टरांनी ऋतुजाला तपासलं आणि निदान केलं, "घरात मांजर आहे ना? त्याच्या केसांची आणि कोंड्याची ॲलर्जी आहे. केस घरभर उडू देऊ नका, एसीचा फिल्टर वरचेवर धुवा, आणि जमलं तर हवा शुद्ध करायचं मशीन घ्या."

घरी आल्या आल्या हिने निकाल दिला.

"मेअखेरीला दत्ता आगोटीची सुकी मासळी घेऊन येईल." (दत्ता म्हणजे हिचा धाकटा भाऊ, राहणार नाटे, धंदा मासळीचा. आणि आगोट म्हणजे पावसाळ्यासाठी घरात भरून ठेवायची बेगमी.) "तोवर शिंका थांबल्या तर ठीक. नाहीतर बांगडा त्याच्याबरोबर नाट्याला!"

"अगं, तो तिथे कसा राहील?"

"मासळीच्या गावात बोका कसा राहील? तुम्ही तरी काय विचारता!"

"आई, नको हो," ऋतुजा मधे पडली. "असू दे की बिचारा. मला काय एवढं न्हाई होत..." आणि पुढे लागोपाठ चार शिंका!

मी उठून उभा राहिलो. "मला मुदत द्या. दत्ता येईपर्यंत या घरात शिंक औषधाला सापडणार नाही."

"तुम्ही काय करणार?"

"काय करणार म्हणजे? अलोऱ्याच्या वर्कशॉपात अठ्ठावीस वर्षं मशिनरीत काढली आहेत मी!"

"स्टोअरमध्ये," ही म्हणाली.

"मशिनरीच्याच स्टोअरमध्ये!"

आता खरं म्हणजे मी त्या अठ्ठावीस वर्षांत एक नटसुद्धा पिळलेला नाही. सुटे भाग आले की रजिस्टरला चढवायचे आणि सही घेऊन द्यायचे, एवढंच माझं काम. पण हे सुनेसमोर बोलायची काही गरज होती का?

सुरुवात केसांपासून केली. केस उडतात कारण ते सैल असतात. सैल केस आपणच आधी विंचरून काढले तर उडायला उरणार काय? हे शास्त्र माझं मला सुचलं. बांगड्याला पडवीतल्या बाकावर घेतला आणि माझ्याच फणीने विंचरायला बसलो. त्यालाही ते आवडलं. गुरगुरत उलटा झाला, पोट वर केलं, मान वर केली. तासाभरात एवढे केस निघाले की त्यातून दुसरा बोका उभा राहिला असता. डोक्यावर पंखा पाचावर आहे हे मात्र माझ्या नंतर लक्षात आलं. तोवर केस पडवीतून माजघरात, माजघरातून स्वयंपाकघरात आणि तिथे उकळत्या आमटीत पोचले होते.

"अहोऽऽ!" आतून आवाज आला.

"आलो, आलो!"

"येऊ नका! तिथेच थांबा!"

त्या दिवशी शिंका सोळा. त्यातल्या दोन हिच्या.

मग एसीचा फिल्टर धरला. जाळी काढली, नळाखाली धरली, तर तिच्यातून जे काळं पाणी निघालं ते बघून मला भरून आलं. केवढं हे काम, आणि इतके दिवस कुणी केलंच नव्हतं! (एसी पाच वर्षांपूर्वी मीच घेतला होता.) जाळी धुऊन अंगणात उन्हाला ठेवली आणि आंघोळीला गेलो. तासाभराने येऊन बघतो तर जाळी जागेवर नाही! शोधली, तर पलीकडे सुपात हिने ओला जवळा वाळत घातला होता आणि कावळ्यांनी तो उचलू नये म्हणून वर माझी जाळी झाकली होती.

"अगं, ही एसीची जाळी आहे!"

"मला काय ठाऊक? म्हटलं, निवृत्त झाल्यापासून एक तरी कामाची वस्तू आणलीत!"

मी जाळी झटकली, दोनदा झटकली, वास घेतला. आमची नाकं जन्मापासून या वासाची, त्यामुळे मला वास आला नाही. जाळी बसवून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी ऋतुजाची मीटिंग होती. तिने एसी लावला आणि थंडगार वाऱ्याबरोबर जवळ्याचा वास सगळ्या खोलीभर पसरला. एरवी त्या खोलीकडे ढुंकूनही न बघणारा बांगडा दाराला धडका द्यायला लागला. काय झालं म्हणून मी दार उघडलं मात्र, हा बाणासारखा आत! टेबलावर चढला, लॅपटॉपवर उभा राहिला आणि एसीकडे तोंड करून असा काही आर्त ओरडायला लागला की ऋतुजाचे साहेब पलीकडून विचारते झाले, "मॅडम, लहान मूल रडतंय का?" तिला उत्तर देता आलं नाही, कारण ती शिंकत होती. एकोणीस. हिने दारात उभं राहून मोजल्या.

"बाबा," मंदार संध्याकाळी म्हणाला, "तुम्ही आता काही करू नका. मी हवेचं मशीन मागवतो."

"मागव. पण बसवणार मी!"

"त्यात बसवायचं काही नसतं हो. प्लग लावायचा फक्त."

"तेच म्हणतो मी. प्लग मी लावणार."

मशीन आलं. पांढरंशुभ्र, पिठाच्या डब्याएवढं, खाली गोल फिल्टर. मी ते उघडून बघितलं, पुन्हा नीट बंद केलं, कोपऱ्यात मांडलं आणि सगळ्यांना ताकीद दिली, "याला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

"माहितीपुस्तक वाचलंत ना?" मंदारने विचारलं.

"फाईलला लावलंय," मी म्हणालो. वाचलंय असं मी म्हणालो नव्हतो, हे कृपया लक्षात घ्यावं.

तेव्हापासून फिल्टरची निगा हा माझा धर्म झाला. रोज सकाळी बांगड्याला उराशी धरून त्याच्याशी चार शब्द बोलायचे, मग त्याला खाली ठेवून ऋतुजाच्या खोलीत जायचं, फिल्टर बाहेर काढायचा, उजेडात धरून बघायचा. धूळ म्हणाल तर नावाला नाही! ओलं फडकं फिरवलं की चकाचक. शेजारचे जोशी बघायला आले तेव्हा त्यांनाही दाखवला.

"वा!" ते म्हणाले. "महिना होत आला तरी नव्यासारखा?"

"निगा लागते," मी म्हणालो.

शिंका मात्र थांबेनात. उलट सकाळी मी फिल्टर बघून बाहेर पडलो की जोर वाढायचा. आता फिल्टर स्वच्छ म्हणजे हवा स्वच्छ, आणि हवा स्वच्छ म्हणजे बोका निर्दोष, हे शेंबड्या पोरालासुद्धा कळेल! मग शिंका कशाने? मी तपास सुरू केला. आधी मंदारचं अत्तर जप्त केलं. मग ऋतुजाच्या खोलीतले पडदे उतरवले. मग, देवाने मला कुठून बुद्धी दिली कोण जाणे, मी हिला म्हणालो, "मला वाटतं तुझ्या फोडणीने होतंय."

त्या दिवशी जेवायला फोडणी नव्हती. दुसऱ्या दिवशीही नव्हती. तिसऱ्या दिवशी मी माझे शब्द मागे घेतले.

आणि तो रविवार उजाडला. दत्ता टेम्पो घेऊन दारात हजर! सोडे आले, बोंबील आले, सुका बांगडा आला, आणि सगळ्यात शेवटी एक झाकणाची टोपली आली. ती रिकामी होती. ती कुणासाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मला वाटलं होतं, पकडायला जाऊ तेव्हा बांगडा घर डोक्यावर घेईल. पण टोपलीला सुरमईचा वास होता. तो आला, टोपली हुंगली आणि आपणहून आत जाऊन बसला. दत्ताने झाकण लावलं. इतकं वाईट मला माझ्या निरोप समारंभातसुद्धा वाटलं नव्हतं.

"थांबा!" मी ओरडलो. "एका निरपराध जिवाला तुम्ही घराबाहेर काढताय! माझ्याकडे पुरावा आहे!"

धावत खोलीत गेलो, फिल्टर काढला आणि आणून सगळ्यांच्या मधोमध ठेवला. "बघा! एक केस दाखवा! एक कण दाखवा!"

ऋतुजाने तो उचलला. उलटा केला, सुलटा केला, नखाने वर जरा टोकरलं. मग हळूच म्हणाली, "बाबा... ह्याच्यावरचं प्लास्टिक कुणी काढलंच न्हाई की!"

"काढायचं कशाला? ठेवलंय मुद्दाम!"

"मुद्दाम?"

"अगं, ही रत्नागिरी आहे! खाऱ्या हवेत वस्तू उघडी ठेवली की गेली! आपला रिमोट बघ, प्लास्टिकमध्ये. मिक्सर बघ, पिशवीत. आणि स्टोअरचा पहिला नियम काय? पॅकिंग फोडायचं नाही! प्लास्टिक होतं म्हणून तर एवढा स्वच्छ राहिला!"

मंदारने डोळे मिटून घेतले. "बाबा, मग हवा कुठून जाणार होती?"

"बाजूने," मी म्हणालो.

दत्ताने डोकं खाजवलं. "भावोजी, जाळं पिशवीतनं न काढता दर्यात टाकलं, तर मासळी गावंल काय वो?"

मंदारने टर्रकन प्लास्टिक फाडलं. (माझ्या काळजात चर्रर्र झालं. इतकं सुंदर पॅकिंग!) फिल्टर बसवला, ऋतुजाला खोलीत बसवून दार लावलं आणि ठरलं की दत्ताचं जेवण होईपर्यंत वाट बघायची. टोपली पडवीत. वर झाकण, झाकणावर दगडी पाटा.

दत्ता जेवला. पान खाल्लं. ही दाराबाहेर बोटं उघडून मोजायला बसली होती. पाऊण तास झाला, तास झाला, सव्वा तास झाला. बोट मिटायची एकदाही वेळ आली नाही.

"शून्य!" ती म्हणाली.

मी दार ढकलून आत धावलो. "पोरी, जिंकलो! बांगडा राहिला!"

"आँक्छी!" ऋतुजा म्हणाली. "आँक्छी! आँक्छी!"

"अहो, बाहेर या," ही म्हणाली.

मी बाहेर आलो. दार लावलं. पाच मिनिटं शांतता.

"आता आत जा."

गेलो. "आँक्छी!"

"बाहेर या."

आलो. शांतता.

मग ही माझ्याभोवती एक फेरी मारून आली. माझ्या सदऱ्याला दोन बोटं लावली आणि ती उजेडात धरली. बोटांवर पट्टेरी लव. (सदरा साधा सुती होता, पण एव्हाना त्याचा मांजरपाट झाला होता.)

"बोका टोपलीत," ती सावकाश म्हणाली, "टोपली पडवीत, वर पाटा. आणि केस या खोलीत. रोज सकाळी त्याला उराशी धरून मग ऋतुजाच्या खोलीत कोण येत होतं?"

"मी फिल्टरची निगा..."

"तेच म्हणते मी!"

ऋतुजा नाक पुसत दारात आली. "आई, बोक्याला नका पाठवू. तो कुठं माझ्या खोलीत येतोय? बाबांनी आत येताना सदरा बदलला तरी चालतंय की!"

हे ऐकून मला खरंच भरून आलं. पडवीत जाऊन मी स्वतः पाटा उतरवला, झाकण काढलं. बांगडा बाहेर आला, आळस दिला आणि सवयीने माझ्या पायात येऊन बसला. सगळे हसत होते. मीही हसत होतो.

दत्ताने रिकामी टोपली उचलली. "ताय, मग मी हा मोकळाच जाव?"

हिने मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट बघून घेतलं.

"थांब रे दत्ता," ती म्हणाली. "टेम्पोत याच्याहून मोठी टोपली आहे काय?"