बुटांचा एक जोड

नववीला महामंदी शिकवताना वर्कशीटऐवजी त्या काळातली खरी पत्रं वापरू, हे मी आमच्या विभागाच्या हेडना ईमेलवरच पटवलं. समोरासमोर मला जमलं नसतं. ते म्हणाले, एक तास बघतो. नाही जमलं तर पुन्हा वर्कशीट.

सुट्टीभर लायब्ररीत बसून मी पत्रं निवडली. त्यातलं एक, नवऱ्याचं काम गेलेल्या बाईने सरकारी मदत कचेरीला लिहिलेलं होतं. तिला मुलांसाठी बूट हवे होते.

इथे परदेशात, स्कोफिल्ड्सच्या शाळेतल्या त्या वर्गात प्रती वाटल्या आणि दोन मिनिटांत माझी चूक कळली. मुलांना कर्सिव्ह, म्हणजे हाताने जोडून लिहिलेलं अक्षर, वाचता येत नव्हतं. पुण्यातल्या माझ्या शाळेत चार रेघांच्या वहीत ते बोटं दुखेपर्यंत गिरवून घ्यायचे. कुणाला ते वाचताच येणार नाही, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

“मिस, हे इंग्लिशच आहे ना?” एकाने विचारलं. वर्ग हसला. मागे बसलेल्या हेडनी वहीत काहीतरी लिहिलं.

मी म्हटलं, घाई नाही, एकेक शब्द शोधा. बहुतेकांनी नाद सोडला. खिडकीजवळची एक मुलगी मात्र कागद डोळ्यांजवळ धरून एका खोडलेल्या शब्दावर अडून बसली होती. मी तिच्याकडे निघाले, तेवढ्यात हेड उठले आणि मला मदत म्हणून त्यांनी अख्खं पत्र मोठ्याने वाचलं. चांगलं वाचलं. बाईला बुटांचा एक जोड हवाय, एवढं मुलांनी लिहून घेतलं आणि पेनं खाली ठेवली. मला ‘थांबा’ म्हणायचं होतं. मी ‘थँक यू’ म्हटलं.

“नो वरीज,” तास संपल्यावर ते म्हणाले. “सगळी पत्रं सोमवारपर्यंत टाइप करून दे, मग ठेवू.”

ते गेल्यावर ती मुलगी कागद घेऊन आली. “मिस, सरांनी हा शब्द गाळला. आधी ‘टू’ होतं. खोडून ‘वन’ केलंय.” मग तिने विचारलं, “दुसऱ्या मुलाचं काय?”

ते पत्र मी कितीदा वाचलं होतं. ती खाडाखोड मीही ओलांडूनच गेले होते.

रविवारी टाइप करायला बसले. ‘टू’ लिहिलं, त्यावर रेघ मारली, पुढे ‘वन’ लिहिलं. स्क्रीनवर रेघ अगदी सरळ, बारीक आली. बाईने ती दोनदा मारली होती, कागद फाटेल इतकी दाबून.