गौरीच्या ताटातल्या चिंबोऱ्या

आजही मला ठरवता येत नाही की त्या दुपारी माझ्या दारात कोण आलं होतं. ऐंशीच्या दशकात आम्ही लालबागची चाळ सोडून मुलुंडला सोसायटीत राहायला आलो, त्या पहिल्याच वर्षीची ही गोष्ट. आम्ही कोकणातले, आमच्या गौरीला नैवेद्य तिखटाचा. चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं कालवण आणि वडे. गणपतीला तिखट चालत नाही, म्हणून त्याच्यासमोर पडदा ओढायचा आणि मग गौरीला ताट दाखवायचं. पण नव्या इमारतीत सगळे शाकाहारी. जिन्यात वास गेला तर काय म्हणतील, या धास्तीने मी यंदा पुरणपोळी करायची ठरवली. यजमानांनीही लगेच मान डोलावली.

सासूबाई तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. माझा बेत ऐकल्यावर एवढंच म्हणाल्या, "माहेरी आलेल्या लेकीला उपाशी ठेवतेस गो?" आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. दोन दिवस अन्नाला शिवल्या नाहीत, बोलल्याही नाहीत. डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलं नाही तर कठीण आहे. पूजनाच्या दिवशी डाळ शिजत होती आणि मी गौरीसमोर बसून रडत होते. चिडलेही होते. म्हटलं, आता तूच बघ बाई.

तेवढ्यात बेल वाजली. दारात एक अनोळखी कोळीण, डोक्यावर पाटी.

"ताई, गौर बसलीय ना? विक्रोळीच्या खाडीतल्या चिंबोऱ्या हायत, जित्या!" सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असा आवाज.

"हळू बोला हो, नकोत मला," मी दार लोटू लागले.

आणि आतून सासूबाईंचा आवाज आला, "कोण गो? चिंबोऱ्या हायत?"

वळून पाहिलं तर त्या भिंतीला टेकून उठून बसल्या होत्या. मी दार सताड उघडलं.

डाळ उतरवली आणि पाटा धुतला. गणपतीसमोर पडदा म्हणून माझा लग्नातला शालू लावला. वाटणाचं खोबरं भाजताना खिडकी मात्र मुद्दाम उघडी ठेवली. गौरीला ताट दाखवलं आणि मग त्यातलंच सासूबाईंना भरवलं. कालवणात बुडवलेला अर्धा वडा खाऊन त्या म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय." मी हसता हसता रडले. त्या दिवसापासून त्यांचा ताप उतरत गेला. ती कोळीण मला पुन्हा कधीच दिसली नाही. बाजारात कितीदा विचारलं, कोणी तिला ओळखत नव्हतं.

देवीला काय आवडावं हे ठरवणारी मी कोण? ती मागेल ते रांधायचं, बाकी तिच्यावर सोडायचं. त्या संध्याकाळी समोरच्या काकू हळदीकुंकवाला आल्या. त्यांनी विचारलं, "गणपतीपुढे हा पडदा कशाला हो?"

"आमची गौर चिंबोऱ्या जेवते," मी म्हणाले, जिन्यात ऐकू जाईल अशा आवाजात.