येते न म्हणता निघायचं घर

ये गं, इकडे जवळ ये. तो फोन आधी उलटा ठेव. तू मेडनहेडला आणि मी हॅरोला, हे मला ठाऊक आहे, पण लिहिताना मी तुला समोरच बसवते. त्याशिवाय मला लिहिता येत नाही.

परवा रविवारी जेवताना बेलफास्टच्या त्या खटल्याबद्दल तू जे बोललीस ना, ते मला आवडलं नाही. सगळे बसले होते म्हणून मी गप्प राहिले. "आजी, ती केस किती जुनी झाली. तो सोल्जर आता म्हातारा आहे. लेट इट गो ना!" असं म्हणालीस आणि वर श्रीखंडाची वाटी पुढे केलीस. अगं, स्वतःच्या वाटीत उरलेलं एवढंसं श्रीखंड तुला सोडवत नाही, आणि दुसऱ्याला भाऊ सोड म्हणून सांगतेस?

तो कुणाचा भाऊ, ते तुला नीट कुणी सांगितलंच नाही. चूक तुझी नाही. बेलफास्ट म्हटलं की तुझे आजोबा विषय बदलायचे आणि तुझ्या आईला त्यातलं काही आठवत नाही. म्हणून मी सांगते.

लग्न होऊन मी या देशात आले ती थेट उत्तर आयर्लंडात, बेलफास्टला. तुझ्या आजोबांना तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टरची नोकरी होती. माझी शाळा सातवीत सुटलेली. इंग्रजी शिकले ते शेजारणींकडून आणि रेडिओवरून, म्हणून माझं इंग्रजी अजून बेलफास्टचंच आहे. तुम्ही पोरं त्याला हसता. हसा. लाल विटांच्या घरांची लांबच लांब रांग, मागे एवढंसं अंगण, अंगणात कपड्यांची दोरी. ब्रिटनपासून सुटायचं म्हणून तिथे काहींनी बंदुका उचललेल्या, त्यामुळे रस्त्यावर ब्रिटिश फौजेच्या गाड्या. बंदुका घेतलेली फौजेतली पोरं भिंतीला चिकटून चालायची. पोरंच ती, गालावर नीट दाढी नाही. मला त्यांचीही दया यायची, खोटं का सांगू.

शेजारच्या घरात एक आई, तिची मुलगी आणि मुलगा. मुलगी तुझ्या आजोबांच्याच हॉस्पिटलात नर्स, माझ्याच वयाची. मुलगा बेकरीत रात्रपाळीला. सकाळी घरी येताना गरम पावांची पिशवी घेऊन यायचा, आणि मी अंगणात दिसले की दोन पाव भिंतीवर ठेवायचा. बोलायचा नाही, लाजरा होता.

एका सकाळी तो आलाच नाही. गल्लीच्या तोंडाशी त्याला गोळी लागली. सैनिकाची. संध्याकाळी रेडिओवर सांगितलं की तो बंदूकधारी होता.

आता माझं काय झालं ते ऐक. मी समाचाराला गेले. आपल्याकडे जातात तशीच गेले. साधी पांढरट साडी, वर कोट. त्यांच्याकडे पद्धत निराळी. पुढच्या खोलीत त्याची शवपेटी उघडी ठेवलेली, भोवती शेजाऱ्यांकडून आणलेल्या खुर्च्या, आणि माणसं चहा पितायत, सँडविच खातायत, मधेच कुणी हसतंयसुद्धा. मी तर गारच झाले. त्याची आई माझ्याकडे कप घेऊन आली. "एवढासा चहा घे, पोरी." मी मान हलवली. तिने परत विचारलं, मी परत मान हलवली. तिसऱ्यांदा ती सँडविच घेऊन आली, तेव्हा मी दोन पावलं मागेच सरले. ज्या घरात माणूस गेलंय तिथे घोटभर पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असं मला आईने शिकवलेलं. आणि निघताना "येते" म्हणायचं नाही. अशा कारणासाठी त्या घरी पुन्हा यायला लागू नये, म्हणून. मी उठले, कुणाकडे बघितलं नाही, एक शब्द बोलले नाही, सरळ दाराबाहेर. घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं. वाटलं, सगळं रीतीप्रमाणे पार पाडलं.

आणि दुसऱ्या दिवसापासून ती आई मला बघितलं की अर्धे कपडे ओले असताना दोरीवरून काढायची आणि आत जायची.

मला कळेना. तुझे आजोबा म्हणाले, "दुःखात आहेत, सोड." मी सोडलं नसतं, पण बोलायला तेवढं इंग्रजी कुठे होतं? शेवटी त्याची बहीणच एक दिवस मागच्या दाराशी आली. युनिफॉर्ममध्येच होती. आत ये म्हटलं तर आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "खरं सांग. माझ्या भावाकडे बंदूक होती असं तुला वाटतं?"

"मला? कुणी सांगितलं?"

"मग आमच्या घरचा चहा का नाही घेतलास? निरोप न घेता का गेलीस? आई म्हणते, डॉक्टरच्या बायकोने रेडिओवर विश्वास ठेवला."

माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी सगळं समजावलं. चहा का नाही, पाणी का नाही, येते का नाही. ती ऐकत राहिली. मग तिथेच पायरीवर मटकन बसली आणि आधी हसायला लागली आणि मग जी रडायला लागली... मीही बसले शेजारी. "तुमची रीत भयंकर आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, "तुमचीही. मेलेल्या माणसाशेजारी हॅम सँडविच?"

तिथून आमची मैत्री. ती अजून आहे. हॅरोला राहायला आल्यावरही मी वर्षाआड बेलफास्टला जात आले, ते तिच्याकडेच.

पण तिने एक केलं. पुढच्या वेळी मी तिच्या घरून निघाले, "बाय" म्हणायला तोंड उघडलं, तर तिने हात वर केला. "नाही. तुमची रीत पाळ. हे घर अजून दुःखात आहे. त्याच्या हातात पाव होते, हे कोर्टात कुणीतरी म्हणेपर्यंत इथून जाताना काही बोलायचं नाही." मला वाटलं, गंमत करते. गंमत नव्हती. तिची आई गेली, तिचं लग्न झालं, मुलं झाली, गुडघे बदलले, आणि मी दर खेपेला त्या घरातून मुकी निघाले. टॅक्सीवाल्यांना वाटत असेल, म्हाताऱ्या भांडल्या.

तुरुंगात घाला असं ती कधीच म्हणाली नाही गं. तिला ते एक वाक्य हवं होतं, भावाचं नाव धुऊन देणारं. इतक्या वर्षांत पार्लमेंटात कधी म्हणाले जुने खटले बंद करा, कधी म्हणाले उघडा. ती वाट बघत राहिली, आणि गेल्या वर्षी एकदाचा खटला उभा राहिला.

नेमका तेव्हाच आमच्या हॅरोच्या गल्लीतला शेजारी दारात आला. तोच, माझ्या कचऱ्याच्या बिन्स बाहेर काढतो, बर्फ पडला की माझ्या पायऱ्यांवर मीठ टाकतो. तोही तरुणपणी फौजेत होता आणि बेलफास्टला होता, हे मला माहीत होतं. त्याच्या हातात सह्यांचा कागद. जुन्या सैनिकांवरचे खटले थांबवा. अख्ख्या गल्लीने सही केलेली, वरच्या घरातल्या आपल्या मराठी डॉक्टरीणबाईंनीसुद्धा.

मी त्याला आत बसवलं. चहा केला, चिवडा दिला. चिवडा त्याला फार आवडतो, शेंगदाणे आधी वेचून खातो. मग सांगितलं, "मी सही करणार नाही."

"मिसेस डॉक्टर, आम्ही एकोणीस वर्षांचे होतो. कोण कुठून गोळी घालेल कळत नव्हतं."

"माहीत आहे. मी बघितलंय तुम्हाला. तुम्ही नाही तर तुमच्यासारखे."

"उद्या माझ्यावर केस आली तर?"

"आली तर मी रोज डबा घेऊन कोर्टात येऊन बसेन. तुम्ही माझ्यासाठी काय काय केलंत ते जजला सांगेन. पण कोर्टच नको, असं नाही म्हणणार. तुम्ही काही केलं नसेल तर तेही तिथेच सिद्ध होईल ना?"

तो चिवडा अर्धा टाकून उठला. त्या आठवड्यात माझी बिन आतच राहिली. मी ओढत नेली. चाकं असतात तिला, काही बिघडत नाही.

आणि मी बेलफास्टला गेले. तुम्हाला सांगितलं की मैत्रिणीचा गुडघा दुखतोय. निकालाचा दिवस होता. ज्युरी नव्हती, एकटे जज. तो सैनिक पडद्याआड, त्याचं नावही गुप्त, नावाऐवजी नुसतं एक अक्षर. मधेच पडद्यामागून खोकला आला. म्हाताऱ्या छातीतला, ओला. मला आमचा शेजारी आठवला. मैत्रिणीने माझा हात घट्ट धरलेला, तिच्या अंगठ्या रुतत होत्या.

जज म्हणाले, साक्षीदार उरले नाहीत, इतक्या वर्षांनंतर शिक्षा देण्याइतका पुरावा नाही, म्हणून आरोपी सुटला. पण जज थांबले नव्हते. म्हणाले, मेलेल्या तरुणाच्या हातात शस्त्र नव्हतं. पावांची पिशवी होती. त्याच्यापासून कुणालाही धोका नव्हता.

माझ्या बोटांवरची पकड सैल झाली. तिने मला कानात विचारलं, "म्हणाले ना? मी ऐकलं ते बरोबर ना?"

"म्हणाले. पाव म्हणाले."

बाहेर कुणीतरी तिला विचारलं, तो सुटला, तुम्ही निराश आहात का? ती म्हणाली, "हो. पण आई आता, असेल तिथे, कपडे वाळेपर्यंत दोरीवर ठेवू शकते." त्या माणसाला काही कळलं नाही. मला कळलं.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. बॅग दाराशी, टॅक्सी उभी. मी सवयीने खाली मान घालून पाऊल बाहेर टाकलं. मागून तिने विचारलं, "आणि?"

मी वळले. इतकी वर्षं त्या दारात गिळलेला शब्द, पटकन येईना. मग म्हटलं, "येते हं."

"ये," ती म्हणाली. मराठीत. कुठून शिकून ठेवलं होतं कोण जाणे.

आता सांग मला लेट इट गो. अगं, सोडता यावं म्हणूनच तर कोर्टात जायचं असतं.

परत आले तर बिन बाहेर. शेजारी कुंपणापाशी घुटमळत होता. "जज काय म्हणाले?" मी सांगितलं. त्याने कुंपणावरचा हात काढला. मग म्हणाला, "पाव?" "पाव," मी म्हटलं. "गोळी सुटल्यावर पहिल्या तासात आम्ही साहेबांना जे तोंडाला येईल ते सांगायचो," तो म्हणाला, "आणि तेच कागदावर कायमचं राहायचं." एवढंच. सही त्याने पुन्हा मागितली नाही, मीही विषय काढला नाही. चिवड्याचा डबा मात्र दिला.

मैत्रीण पुढच्या महिन्यात इथे येते आहे. तो विचारत होता, तिला भेटलो तर चालेल का. मी म्हटलं, ते तिलाच विचारावं लागेल, माझ्या हातात नाही. तिने हो म्हटलं तर चहा माझ्या घरी. नाही म्हटलं तर नाही.

पण वरच्या खोलीतली गादी मला एकटीला उचलवत नाही. तर पोरी, फोनवर बाय म्हणून ठेवून देऊ नकोस. मेडनहेडहून हॅरो काही सातासमुद्रापार नाही. तिच्या आधी ये, गादी खाली आण, आणि ती आली की तिच्या शेजारी बसून तुझं ते वाक्य तिच्यासमोर म्हणायचं असेल तर म्हणून बघ. श्रीखंड करून ठेवते. ये लवकर.